सुटलेल्या माशाचं माप

एका जंगलात एक डोह होता. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. नाव-गाव विचारणाऱ्या पोरांना मी गोष्ट सांगत नसतो. पुढं सरका. आणि ए, ते नाक ओढणं बंद कर.

तर डोह होता. डोहात मासे होते. ज्याला मासा खायचा असेल तो यायचा, धरायचा, खायचा आणि तोंड पुसून चालता व्हायचा. बगळा यायचा, खंड्या यायचा. पाणमांजर तर काठालाच बीळ करून राहायचं. त्याचं नाव बुडकू. बायको चिंगळी. पाच पिल्लं, पाचही हावरी.

एकदा डोहावर माणसं आली. मोठी हौशी माणसं. दिवसभर काठ्या धरून पाण्याकडं बघत बसली. मासा एक नाही. तेवढ्यात करवंदीच्या जाळीत वाघ खोकला. वाघाला पडसं झालं होतं, दुसरं काही नाही. पण माणसं जी पळाली, ती सगळं जागेवर टाकून. रीळ लावलेल्या काठ्या, गळाला बांधायच्या तंगसाच्या दोरीची भेंडोळी, डबीभर गळ, खिसेच खिसे असलेली जाकिटं, टोप्या आणि एक फुगवलेली रबरी होडी.

हे घबाड सापडलं तरसाला. तरस जन्माचा उचल्या. त्यानं काठावरच्या जांभळीखाली दुकान मांडलं आणि खिदळत ओरडायला लागला, "दातानं मासा धरायचे दिवस गेले! आता खेळ म्हणून धरा, खेळ म्हणून!"

आणि धावलं कोण? अस्वल, वानर, रानडुक्कर, भेकर.

आता नीट ऐका. वानर पाला खातो. अस्वलाचा जीव मधात. डुकराला कंद हवेत. भेकराला तर माशाच्या वासानंच ओकारी येते. पण पोरांनो, ज्याला ज्यातलं काही कळत नाही, त्यालाच त्याची खाज जास्त. हे तुम्ही पुढं मोठेपणी बघालच.

अस्वलाला सगळे केसूअण्णा म्हणायचे. अंगानं मोठा, म्हणून तो अध्यक्ष. होडी त्यानं घेतली. होडी जांभळीच्या मुळाला वेलीनं बांधलेली असायची आणि अण्णा तिच्यात टोपी डोळ्यांवर ओढून बसायचा. होडी काठ सोडून वीतभर कधी हलली नाही, कारण अण्णाला पोहता येत नव्हतं. साळिंदराला मात्र त्यानं आधीच बजावून ठेवलं होतं, की तू ते काटे घेऊन होडीच्या आसपास फिरकायचं नाही.

वानर झाला चिटणीस. लांबहाते मास्तर त्याचं नाव. नावाप्रमाणं हात लांब, आणि जीभ हाताहून लांब.

मंडळाचं नाव ठेवलं 'गळप्रेमी मंडळ'. दिवसभर सगळे गळ टाकून बसायचे. आमिषाला आणलेलं गांडूळ गळाला पुरत नसे, डुक्करच ते खायचं. मासा काही लागायचा नाही. लागला तर भेकर किंचाळायचं, डुक्कर दचकायचं आणि मासा निघून जायचा.

संध्याकाळी जांभळीखाली बैठक बसायची. खरा खेळ तिथं सुरू व्हायचा.

"काय मास्तर, आज काही?"

मास्तर दोन्ही हात हळूहळू पसरायचा. आधी कोपरं, मग मनगटं, मग बोटं. "एवढा!"

"अबब! मग?"

"सुटला."

"अरेरे!" सगळे म्हणायचे. पण त्या अरेरेत अशी काही वाहवा असायची, की मास्तर लाजून खाजवायला लागायचा.

कारण हे बघा, धरलेला मासा जेवढा असतो तेवढाच राहतो. सुटलेला मासा रोज संध्याकाळी वाढतो.

मग रीतच पडली. समोरासमोर आलं की रामराम नाही, नमस्कार नाही.

"सुटला?"

"सुटला!"

आणि दोघं खूश.

बगळ्यालाही मोह झाला. त्यानं बैठकीत येऊन दोन्ही पंख पसरले. "माझा सुटला तो एवढा!" ते माप मास्तरच्या हातांहून मोठं निघालं. मास्तर म्हणाला, "पंख म्हणजे हात नव्हेत." बगळा रुसून दुसऱ्या नदीवर गेला तो गेलाच. मग धामण आली.

"बाई, तुम्हाला हात कुठं आहेत?" मास्तरनं विचारलं.

"हात नसले म्हणून काय मासा सुटू नये?"

"सुटू दे की. पण दाखवणार कशानं?"

 धामण सरपटत परत गेली.

असं सगळं छान चाललेलं. आणि एका संध्याकाळी घोळ झाला.

मास्तर रंगात आला होता. "त्या खडकाखाली मरळ आहे," तो सांगत होता, "माझ्या हातून सुटलेली. या हातापासून या हातापर्यंत! तिनं काठी वाकवली, रीळ किंचाळलं..."

नेमकं त्याच वेळी बुडकूनं पाण्यातून डोकं वर काढलं. तोंडात मरळ. बसला खडकावर आणि डोक्याकडून कुडूमकुडूम खायला लागला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. मास्तरचे हात पसरलेलेच.

"काय बघताय?" बुडकू भरल्या तोंडानं म्हणाला. "त्या खडकाखालची आहे. एकटीच राहायची तिथं."

मरळ होती मास्तरच्या शेपटीच्या झुबक्याएवढी.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मोठी माणसं हसली नाहीत की समजावं, आता कुणाचं तरी घर उठणार.

दुसऱ्या दिवशी मंडळानं ठराव केला. केसूअण्णानं तो होडीत उभं राहून सांगितला आणि पडता पडता वाचला.

"हा इसम दातानं मासा धरतो! काठी नाही, टोपी नाही. वर धरलेला मासा खातो! खेळाची काही चाड? यापुढं डोहात उतरेल तो मंडळाचा सभासद. आणि सभासद तोच, ज्याचा मासा सुटलाय. किमान हातभर."

"आणि माझा नाही सुटला तर?" बुडकूनं विचारलं.

"उद्या संध्याकाळच्या आत बीळ सोडायचं. खाली नदीत जा."

"खाली मगर आहे. माझी पिल्लं आहेत, अण्णा."

"मग मगरीला विचार, तिच्याकडं मंडळ आहे का," तरस म्हणाला आणि खिदळला.

बुडकू घरी आला आणि बिळाच्या तोंडाशीच बसून राहिला. आत पिल्लं एकमेकांची शेपटी चावत होती. भूक लागली की ती तसंच करायची.

"अहो, मग व्हा की सभासद," चिंगळी म्हणाली.

"त्याला मासा सुटावा लागतो."

"मग सोडा एक."

"चिंगळे, आमच्या घराण्यात कुणाचा सुटला नाही. माझा आजा मेला तेव्हा तोंडात मासा होता. तो आम्ही काढायला गेलो तर मेलेल्यानं चावा घेतला."

"मग खोटं सांगा."

"मला येत नाही."

"शिका! ते माकड झाडावर राहून पाण्यातल्या गप्पा मारतं, तुम्हाला पाण्यात राहून येऊ नयेत?"

दुसऱ्या दिवशी बुडकू काठावर गेला. तरसानं त्याच्या हातात काठी दिली, डोक्यावर टोपी घातली. टोपी कानाखाली आली. सगळं मंडळ आपापल्या काठ्या धरून बसलं होतं. अण्णा होडीत.

बुडकूनं गळ टाकला. थोड्या वेळानं तंगूस ताणला गेला.

"लागला!" डुक्कर ओरडलं. "आता हळूच सैल सोड. म्हणजे सुटेल!"

बुडकूनं सैल सोडलं. मासा गळातून निसटला. आणि त्याची चंदेरी कूस पाण्यात लकाकली मात्र, बुडकूनं काठी फेकली, टोपी फेकली, डुबुक! वर आला तो मासा तोंडात घेऊनच.

"छी!" भेकर म्हणालं.

"माफ करा," बुडकू म्हणाला. तोंडात मासा असल्यामुळं ते कुणाला कळलं नाही.

पुन्हा गळ टाकला. पुन्हा डुबुक. पुन्हा मासा. असं किती वेळा झालं, ते मोजायला कुणी बसलं नव्हतं. पिल्लांची मात्र दिवाळी झाली. पण ऊन कलायला लागलं, मास्तर आभाळाकडं बघून मिशा कुरवाळायला लागला, तशी चिंगळी उठली. ती कुणाला न दिसता पाण्याखालून आली. नवऱ्याला माशामागं जाता येऊ नये म्हणून तिनं एक दोरी घेतली, एक टोक त्याच्या शेपटीला बांधलं आणि दुसरं टोक बांधायला हाताला लागली ती कडी पकडून घट्ट गाठ मारली.

ती कडी अण्णाच्या होडीची होती.

बुडकूचा गळ पुन्हा हलला. मासा वीतभर. सुटला. बुडकूनं उडी मारली.

जांभळीच्या मुळाची वेल जुनी झाली होती. ती काडकन तुटली. आणि जन्मात कधी न हललेली ती होडी फर्रर्र करत डोहाच्या मध्याकडं निघाली.

आत अण्णा झोपला होता. तो जागा झाला तो डोहाच्या मधोमध.

"आई गं! वाचवा! मास्तर! अरे डुकरा! कुणीतरी या रे!"

पण पोहता येत होतं कुणाला? गळप्रेमी मंडळ ते. काठावर उभं राहून सगळे "अण्णा, घाबरू नका" म्हणत मागं सरकत होते. पाण्याखाली बुडकू माशामागं वळला की होडी वळायची. तो खाली गेला की होडीचं नाक खाली जायचं. अण्णा कधी या कडेला, कधी त्या कडेला. शेवटी होडीच्या ओढीनं बुडकूचा दम संपला. आणि तो मासा, पोरांनो, खरोखरच सुटला. बुडकूच्या घराण्यात पहिल्यांदा.

चिंगळीनं पाण्याखाली जाऊन दोरी चावून तोडली आणि होडी ढकलत काठाला लावली. अण्णा चारही पायांवर उतरला आणि जमिनीला मिठी मारून पडला.

संध्याकाळी बैठक बसली. बुडकू पुढं उभा राहिला, ओला, लाजेनं मान खाली. "सुटला," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि त्याला रडू आलं. खरंच आलं.

"सुटला ते ठीक," मास्तर म्हणाला. "माप दाखव."

बुडकू खरं सांगणारा प्राणी. त्यानं दोन्ही पंजे पुढं आणले आणि वीतभर अंतर धरायला लागला, तेवढ्यात चिंगळीनं मागून त्याच्या हातांवर फटका मारला आणि दोन्ही हात त्याच्या पाठीमागं ओढून घट्ट धरले.

"हात मागे!" ती कानात म्हणाली. मग मंडळाकडं वळली. "मास्तर, एक विचारू? हात पसरून जो दाखवता येतो, तो मासा हातात मावला की नाही?"

"मावला... म्हणजे, तसं..."

"मग तो सुटला कसा? आमच्या यांचा मासा हातात मावतच नाही. म्हणून हे हात पुढं करत नाहीत. करणार कशासाठी?"

डुकराच्या तोंडातलं गांडूळ निम्मं बाहेर लोंबत राहिलं.

आणि मग केसूअण्णा उठला.  "बाई खरं बोलते," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माझी होडी ओढत नेली त्यानं. माझ्यासकट! मी बसलो होतो वर, मला विचारा. असला मासा या डोहात झाला नाही आणि होणार नाही!"

मास्तरचे हात आपोआप खाली आले. मग त्यानं ते हळूच मागं नेले.

बुडकूला त्याच बैठकीत सभासद केलं. पुढच्या बैठकीत अण्णानं अध्यक्षपद सोडलं, कारण तो आता पाण्याकडं बघतसुद्धा नव्हता. अध्यक्ष झाला बुडकू. आणि नवी रीत आली. संध्याकाळी सगळे हात मागं बांधून बसायचे आणि नुसता सुस्कारा सोडायचे. ज्याचा सुस्कारा लांब, त्याचा मासा मोठा. धामणीला मानानं बोलावून आणलं आणि उपाध्यक्ष केलं. तिला तर हातच नाहीत, म्हणजे तिचा मासा किती मोठा असेल, विचार करा!

बुडकूला त्यात गोडी लागली. मान मिळाला की माणूस भूक विसरतो म्हणतात, पण ती स्वतःची नाही, घरच्यांची विसरतो. टोपी त्याला आता बरोबर बसायला लागली, कारण डोकं फुगलं होतं. डोहात तो उतरेनासा झाला. अध्यक्षानं अंग भिजवायचं असतं होय? तो जांभळीखाली बसून राहायचा.

घरी आला की पिल्लं धावायची. "बाबा, मासा?"

बुडकू हात मागं न्यायचा, डोळे मिटायचा आणि सुस्कारा टाकायचा.

"सुटला."

पहिल्या दिवशी पिल्लांनी वाट बघितली. दुसऱ्या दिवशी ती एकमेकांची शेपटी चावायला लागली. तिसऱ्या दिवशी चिंगळी डोहात उतरली. अध्यक्षांच्या बायकोला अडवणार कोण? ती वर आली तेव्हा तोंडात चांगली जाडजूड मरळ होती. तिनं ती बिळाच्या तोंडाशी टाकली. पाचही पिल्लं तुटून पडली. कुडूमकुडूम आवाज सुरू झाला.

तो आवाज बुडकूनं ओळखला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. टोपी सरळ करत तो खाली वाकला आणि शेपटीकडच्या तुकड्याकडं हळूच पंजा पुढं केला.

"हात मागे!" चिंगळी म्हणाली.

तात्पर्य : खोटं कधी बोलू नये. बोलावंच लागलं तर हात मागं बांधून बोलावं, म्हणजे कुणाला माप काढता येत नाही. फक्त घरी येताना हात सोडून यावेत. आणि मासे धरणारी बायको करावी. चला, उठा आता.