गिरीशची सही आणि फेडरल सरकार

“मग तू सही केलीस ती कशावर?” बायकोने, उत्तराने, फोन ठेवता ठेवता विचारलं, आणि गिरीशच्या हातातला चहाचा कप तोंडापाशीच थबकला.

आदल्या शनिवारी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची कोजागिरी झाली होती. एका हातात दुधाचा ग्लास, दुसऱ्या हातात भेळेची प्लेट अशा अवस्थेत गिरीश उभा असताना मोरेश्वरकाका क्लिपबोर्ड घेऊन आले. मंडळात कुणी क्लिपबोर्ड घेऊन आलं, की दिवाळीच्या कार्यक्रमाला कोण काय रांधून आणणार याचीच ती यादी असते, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काका काहीतरी समजावून सांगत होते, पण मागे अंताक्षरी रंगात आली होती. गिरीशने ग्लास प्लेटमध्ये ठेवला, “हो हो काका” म्हणत सही ठोकली, पत्ता लिहिला आणि शेवटच्या ‘शेरा’ असलेल्या रकान्यात दरवर्षीप्रमाणे लिहून टाकलं: मसालेभात, चाळीस जणांचा. वाचून सही करायची पद्धत मंडळात नाही. वडीलधाऱ्यांनी पुढे केलेला कागद वाचत बसणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

“मंडळातली चारुता म्हणते, यंदा लिस्ट ई-मेलवर आहे. मंडळाने कागद फिरवलाच नाही.”

“मग काका काय घेऊन हिंडत होते?”

“तेच तर ती सांगत होती. ट्रेंटनला विधानसभेत बिल आलंय म्हणे. आजारी माणसांना गांजा लीगल करा म्हणून काका सह्या गोळा करतायत.” उत्तराने आवाज खाली आणला. “गांजा, गिरीश! आणि तू त्यापुढे मसालेभात लिहून आलायस.”

गिरीश मुळातच संशयी. शेजाऱ्याने आपण होऊन दारातला बर्फ काढून दिला, तरी ‘याला काय हवंय?’ हा प्रश्न याला आधी पडणार. त्यात ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज करून पंधरा महिने झालेले. घर घेतलेलं, मुलगी निधी पाचवीत, नागपूरला परत जायचं तर कुठल्या तोंडाने, अशी परिस्थिती. असा माणूस सिग्नलचा पिवळा दिवासुद्धा ओलांडत नाही. आणि याने गांजावर सही केली होती.

त्याने प्रसन्नला फोन लावला. प्रसन्न ऑफिसातला मित्र. ग्रीन कार्डाच्या बाबतीत लोक वकिलापेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा ठेवायचे, कारण तो इंटरनेटवर फक्त रिजेक्ट झालेल्या केसेस वाचायचा.

“पिटिशन साइन करायला काही प्रॉब्लेम नाही यार. फ्री स्पीच आहे.”

“सुटलो!”

“पण.” हा ‘पण’ येणार याची गिरीशला खात्री होतीच. “स्टेट वेगळं, फेडरल म्हणजे वॉशिंग्टनचं सरकार वेगळं. कॅलिफोर्निया बघ. स्टेट म्हणतं पेशंटला चालेल. फेडरलवाले म्हणतात, स्टेट कोण सांगणारं? आणि रेड टाकून झाडं उपटून नेतात. आता मला सांग, तुझं ग्रीन कार्ड कोण देणार? न्यू जर्सी?”

“फेडरल,” गिरीश क्षीणपणे म्हणाला.

“न्यू जर्सी तुला फार तर ड्रायव्हिंग लायसन्स देईल. बरं, शेऱ्यात काय लिहिलंस?”

गिरीशने सांगितलं.

“यार, मसालेभात आपल्याला कळतो. वाचणारा ऑफिसर म्हणेल, हे काहीतरी गुप्त नाव आहे. आणि चाळीस जणांना पुरवतोस म्हणजे नुसता घेत नाहीस, वाटतोस. त्यात पत्ताही स्वतःच्या हाताने लिहिलास!”

बुधवारी फेडरल सरकारचं पाकीट आलं. बोटांचे ठसे पुन्हा द्यायला बोलावलं होतं. ठसे पंधरा महिन्यांनी जुने होतात म्हणून सगळ्यांनाच पुन्हा बोलावतात, हे प्रसन्नने दोनदा सांगितलं, पण तिसऱ्यांदा सांगताना तो स्वतःच जरा अडखळला. गिरीशला तेवढं पुरलं. सकाळी कोपऱ्यावर निळी गाडी उभी असायची, तिचा नंबर त्याने लिहून ठेवला. ती समोरच्या बाईंना दिवसभर सांभाळायला येणाऱ्या नर्सची निघाली. तरीही त्याने नंबरची चिठ्ठी फाडली नाही.

गुरुवारी रात्री जेवताना निधी त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिच्या शाळेत त्याच आठवड्यात एक पोलीस ऑफिसर येऊन व्यसनांवर बोलून गेला होता, आणि घरातल्या भिंती पातळ होत्या.

“डॅड, ऑफिसर सेड, इफ समवन यू लव्ह हॅज अ प्रॉब्लेम, यू शुड टेल अ ट्रस्टेड अडल्ट.”

“मग सांग ना बेटा. कुणाला प्रॉब्लेम आहे?”

“आय डोन्ट नो इफ यू आर द ट्रस्टेड अडल्ट एनी मोअर,” निधी म्हणाली आणि पोळी घेऊन आईच्या शेजारी जाऊन बसली.

शुक्रवारभर गिरीशला काही सुचलं नाही. रात्री झोप नाही, आणि शनिवारी सकाळी उत्तराने त्याला दाराबाहेर काढलं. “जा आणि नाव खोडून ये. आणि जरा बघून ये, काकांचं काय चाललंय ते. भला माणूस आहे, पण या वयात हे गांजाचं खूळ आलं कुठून?”

मोरेश्वरकाका म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ. चौतीस वर्षं अमेरिकेत. त्यांच्या घरी जाऊन कुणी चहा न घेता परतलं, असं कधी झालं नव्हतं. आज मात्र त्यांनी दार अर्धवटच उघडलं.

“तू? फोन नाही केलास तो?”

गिरीश दाराच्या फटीतून आत सरकला. बाहेर हात गारठावेत अशी थंडी, आणि घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. कसला वास घालवायचाय यांना? ओट्यावर बघतो तर एक बारकासा वजनकाटा. शेजारी वही, वहीत तारखा आणि पुढे ग्रॅम. काका नुसत्या सह्या घेत नव्हते तर!

“काका, माझं नाव खोडा. माझं ग्रीन कार्ड अडकलंय, मला लहान मुलगी आहे, आणि तुमचा जो काही धंदा चाललाय तो मी कुणाला सांगणार नाही.”

“धंदा?”

“कोण आलंय हो?” आतून आवाज आला, आणि भिंतीचा आधार घेत सुवर्णाकाकू बाहेर आल्या. डोक्याला रुमाल, अंगावर काकांचं जाड जॅकेट, आणि चेहरा इतका उतरलेला, की गिरीशने त्यांना आधी ओळखलंच नाही.

“चार महिने झाले, किमो चालू आहे,” काका म्हणाले. “पोटात काही ठरत नाही. किती खाल्लं ते मोजतो. आज सकाळपासून तीस ग्रॅम पेज.”

“पण मंडळात कुणालाच माहीत नाही!”

“सांगितलं असतं तर दारात डब्यांची रांग लागली असती. हिला फोडणीचा वास सोसत नाही. म्हणून तर या खिडक्या.”

“आणि तुला खरी गंमत सांगू?” काकू हळूच सोफ्यावर बसल्या. “समोरच्या घरातला कॉलेजचा मुलगा म्हणाला होता, ‘आंटी, अर्ध्या तासात आणून देतो.’ पण यांना आधी कायदा बदलायचाय! मी ओकतेय, आणि हे ट्रेंटनला पत्रं पाठवतायत.”

“चौतीस वर्षांत मी रस्तासुद्धा चुकीच्या जागी ओलांडला नाही,” काका ताडकन म्हणाले. “आता म्हातारपणी चोरून आणू?”

गिरीशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो काही बोलायच्या आत काकांनी क्लिपबोर्ड त्याच्यापुढे धरला. “घे, खोड तुझं नाव. आणि जरा बाकीचेही वाच.”

गिरीशने वाचलं. नरेंद्र: श्रीखंड, आम्रखंड नको. राजाराम: पुरणपोळ्या, साठ. शिवांगी: कोशिंबीर, बिनदाण्याची. एकसष्ट सह्या, एकसष्ट पदार्थ. एका पठ्ठ्याने तर पापड भाजून आणू की तळून, असं विचारलं होतं.

“प्रत्येकाला नीट सांगितलं मी,” काका म्हणाले. “सगळे म्हणाले, हो हो काका. आता हा मेनू ट्रेंटनला कुठल्या तोंडाने पाठवू?” आणि त्यांनी सह्यांचे सगळे कागद टराटरा फाडून टोपलीत टाकले.

गिरीशची सुटका झाली. फेडरल सरकारच काय, कचऱ्याची गाडी गेल्यावर कुणालाच तो मसालेभात सापडणार नव्हता. त्याला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाची लगेच लाज वाटली. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. तो दारापर्यंत गेला, चपलेत एक पाय घातला, आणि परत आला.

“काका, कोरा कागद आहे?”

“तुझं कार्ड येऊ दे रे आधी,” काकू म्हणाल्या. “तू नको या भानगडीत पडूस.”

पण त्याने कागद मागून घेतला, खुर्चीत बसला आणि क्लिपबोर्डवर उरलेली बिलाची दोन्ही पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एका वाक्याचा अर्थ काकांना विचारूनही घेतला. मग सही केली. हात थरथरत होता, त्यामुळे सही पासपोर्टावरच्या सहीसारखी आली नाही. हे लक्षात येऊन त्याने शेजारी पुन्हा एकदा नीट केली. शेऱ्याचा रकाना मात्र कोरा ठेवला.

काका त्या सहीकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसून गिरीशकडे पाहिलं.

“तू वाचून सही केलीस?”

“हो.”

“एकसष्ट जणांत एकानेही वाचलं नाही, आणि तुला ग्रीन कार्डाची इतकी धास्ती, तरी तू वाचून केलीस.” काकांनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली. “डोळे बघ कसे लाल झालेत. हातही कापतोय.”

“काका, मी आठवडाभर झोपलो नाहीये, म्हणून—”

“झोप उडालीय.” काकांनी त्याचं मनगट धरलं आणि घड्याळ बघायला लागले.

सोफ्यावर काकू पोट धरून हसत होत्या. किती दिवसांनी, ते वहीत लिहिलेलं नव्हतं. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी गिरीशला खिडकीपाशी ओढलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “कधीपासून घेतोस? बोल, मी डॉक्टर आहे. उत्तराला कळणार नाही.”