पूतनेच्या कपाळावरचं कुंकू

वानखडे मास्तर आमच्या घरी येतात ते खिशात बेसनाची पुडी घेऊन. साबणाचा वास हाताला राहतो आणि तो पोथीला सोसत नाही म्हणे. म्हणून सत्तरीला टेकलेला हा माणूस अंगणातल्या नळावर बेसनानं हात घासतो आणि ते वाळेस्तोवर वर धरून उभा राहतो, जसा काही कोणी बंदूक रोखली आहे. मग नाकातोंडाला रुमाल बांधतो, कारण श्वासाची वाफही पोथीला नको. नवख्याला वाटावं, दरोडा पडतोय. एवढं झालं की देवघरापुढे वाकतो आणि पोथीला विचारतो, "येऊ का?"

मला हे कधी विचारलं नाही. मी काय, नुसती जिवंत आहे.

मास्तर इथं नेरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. म्हणजे तीस वर्षं पोरांकडून जास्वंद काढून घेतली. रिटायर झाले त्याच साली त्यांची बायको गेली, आणि या गृहस्थांनी जुन्या चित्रांच्या पोथ्यांचं खूळ डोक्यात घेतलं. कोणाच्या देवघरात लाल बासनात बांधलेलं काही आहे असं कळलं की मास्तर भिंग घेऊन त्याच्या दारात. ढाणकीला एका घरी बासन सोडलं तर आतून शेताचे सातबारे निघाले. मास्तरांनी तेही भिंग लावून वाचले.

आमची पोथी कृष्णलीलेची. सुटी पानं, खालीवर लाकडी फळ्या, काजळाच्या शाईची अक्षरं, कडेनं वेलबुट्टी, देवाच्या मुकुटाला खरं सोनं. मास्तर दर गुरुवारी येऊन तिचं एक पान पाहतात. एक! शेवटचं पान झालं की पुन्हा पहिल्यापासून. चहा विचारला की ठरलेलं उत्तर, "घाई नाही, वयनी. पोथी चारशे वर्सं थांबली." चहा थांबत नाही, त्याच्यावर साय धरते, हे या विद्वानाला नऊ वर्षांत कळलं नाही.

जगात यांना रंग दिसतात तेही पोथीतलेच. टमाटर म्हणजे हिंगूळ. माझ्या सुनेची हिरवी साडी म्हणजे जंगाल. एकदा माझ्या हातचं वरण पाहून म्हणाले, "वा, वयनी! अस्सल हरताळ!" मी आपली फुगले. नंतर विचारलं तेव्हा कळलं, हरताळ हा पिवळा रंग असतो आणि तो विषारी असतो. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका दिली तर मास्तरांनी पट्टीनं तिचा समास मोजला. "समास कमी सोडला. कारागीर घाईचा दिसते." लग्न कोणाचं, ते वाचलंच नाही.

पण सगळ्यात थोर शोध म्हणजे लाल टिंब. आमच्या पोथीतल्या प्रत्येक आकृतीच्या कपाळावर बारीक लाल टिंब आहे. मास्तर पान दाखवून थरथरत्या आवाजात सांगत, "पाहा वयनी, गाईलेही! कालियाच्या पाच फण्यांवर पाच! हे कुठंच सापडत नाही. ही नेर शैली हाय!"

असं म्हटलं की मी "दूध उतू जाऊन राह्यलं" म्हणत स्वयंपाकघरात पळे आणि पोट धरून हसे. कारण नेर शैलीची जनक मी होते.

सांगते. अठराव्या वर्षी मी फुलसावंगीहून लग्न होऊन इथं आले. आज ती पोर समोर आली तर दोन थापडा देईन. मॅट्रिकला गणितात नापास, पण तोरा असा की सासरच्यांना आपणच शहाणं करणार. पहिल्या दसऱ्याला सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, पोथीले कुंकू लाव." आमच्याकडे पोथी उघडत नाहीत. बासनाला बोटभर कुंकू लावायचं, फूल वाहायचं, झालं. हे मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारेल ती मी कसली! बासन सोडलं, कुंकू पाण्यात कालवलं, आगपेटीची काडी घेतली आणि बसले. कृष्णाला लावलं, यशोदेला लावलं. गोपी, गवळी, वासरं, कंस, कंसाचा पहारेकरी. पूतनेपाशी जरा थबकले. राक्षसीण खरी, पण बाईमाणूस, सवाष्ण असेल, तिला कसं वगळावं? तिला जरा मोठंच लावलं. दुपार गेली. पोथी पुन्हा बांधली आणि महान कार्य केल्यासारखी पोळ्या लाटायला बसले. पुढं पन्नास वर्षं ती कोणी उघडलीच नाही, मास्तर येईपर्यंत.

नऊ वर्षं मजेत गेली. मग एका गुरुवारी मास्तर रुमाल न सोडताच म्हणाले, "वयनी, यवतमाळले इतिहासाची सभा हाय. मले निबंध वाचायले बलावलं. टिंबावर."

हसायला आत गेले खरी, पण हसू येईना. तिथं कॉलेजातले मोठमोठे प्राध्यापक असणार. मास्तर नेर शैली नेर शैली करतील, आणि एखादा उठून म्हणेल, अहो, हे तर घरातलं कुंकू! या भोळ्या माणसाचं भरल्या सभेत हसं होईल. बरं, होईना का, मी तरी दुसरं काय करत होते? पण मी हसणं वेगळं. परक्यांनी हसायचं काय कारण?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचं घर गाठलं. उंबऱ्यावरूनच सुरुवात केली, "मास्तर, मले तुमाले एक सांगायचं हाय. ते टिंब कोण्या चितारीनं नाही काढलं. म्या काढलं. आगपेटीच्या काडीनं. आता काय शिव्या द्याच्या त्या द्या."

मास्तर म्हणाले, "मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"हिंगूळ बोटाले लागत नाही, वयनी. कुंकू लागते. पयल्याच गुरुवारी लागलं. अन् सतराव्या पानावर कोपऱ्यात अंगठा उमटला हाय. लहान. पोरीचा."

त्यांनी निबंधाचे कागद पुढे केले. मी उभ्यानंच वाचलं. सुवाच्य अक्षर, चारी बाजूंनी भरपूर समास. 'ही टिंबे चित्रकाराची नाहीत. या घरात नव्याने आलेल्या सुनेची आहेत. चित्रकाराने सोने फक्त देवाला दिले. या मुलीने कुंकू देताना राक्षसीलाही वगळले नाही. पोथीवर झालेले हे शेवटचे काम होय, आणि ते पुसू नये, असे माझे मत आहे.'

मला असा राग आला! "मंग नऊ वर्सं मले काहून बनवलं? नेर शैली म्हणे!"

मास्तर चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसतच होते.

"मी टिंबाचं बोललो का तुमी आत पळत होत्या," ते म्हणाले. "आतून हासनं आयकू येत होतं. आमच्या घरी आता कोनी हासत नाही. बायको होती तवा हासत होती. माह्यावरच."

मी म्हटलं, "यवतमाळची एसटी किती वाजता हाय?" आणि घरी आले.

सभेला मी पहिल्या रांगेत बसले. मास्तर निबंध वाचू लागले. पूतनेच्या वाक्यापर्यंत आले. 'राक्षसीलाही वगळले नाही' म्हणताच हॉलमध्ये खसखस पिकायच्या आत मीच फिदकन हसले, चांगली मोठ्यानं. शेजारचे प्राध्यापक दचकले. मग सगळेच हसायला लागले.

मास्तर थांबले. कागदावर बोट फिरवत ओळ हरवल्याचं सोंग करू लागले. माझं हसणं पुरतं संपेस्तोवर त्यांना ती ओळ काही सापडली नाही.