मच्छिंद्र सुताराचा बार

गावात शांतता राखायची तर बंदूक लागते, याबद्दल शहाण्या माणसांत दुमत नाही. मात्र ती बंदूक खरीच असली पाहिजे, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. सन १९४३ साली सरकारच्या खऱ्या बंदुका लढाईवर गेल्या होत्या. शांतता मात्र गावोगाव मागे राहिली होती आणि ती कशाने तरी राखायला हवी होती. म्हणून मिरजगावात ग्रामरक्षक दल स्थापन झाले, आणि दलासाठी गावच्या सुताराकडून चौदा लाकडी बंदुका करून घ्याव्यात असा हुकूम आला. लाकूड कोणते वापरावे, नळीला भोक असावे की नसावे, हे हुकमात नव्हते. बंदुका 'परिणामकारक' असाव्यात, एवढेच होते.

मच्छिंद्र सुताराने हे काम आनंदाने घेतले. त्याची बायको राहीबाई आदल्या आषाढात तापाने गेली होती. तेव्हापासून त्याच्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी त्याची समजूत घाली, आणि घालून झाली की निघताना म्हणे, "तेवढं तिफणीचं बघ." बंदुकांचा हुकूम घेऊन आलेल्या माणसाने समजूत घातली नाही. सरकारचा हा मोठेपणा मच्छिंद्र कधी विसरला नाही.

अकरा दिवसांत बाभळीच्या चौदा बंदुका तयार झाल्या. दलाचे मानद नायक दत्तोपंत, म्हणजे गावचे निवृत्त शाळामास्तर, यांनी बाजारतळावर पहिली कवायत घेतली. बंदुका दिसायला झकास होत्या. फक्त त्या वाजत नव्हत्या. पंतांनी लगेच उपाय काढला: फैर झाडताना प्रत्येक शिपायाने तोंडाने 'ठो' म्हणावे.

पहिल्या फैरीत चौदांपैकी नऊ जण 'ठो' म्हणाले. तिघे 'ठाप' म्हणाले. कानिफनाथ या शिपायाला पुढचे दात नसल्याने 'फो' आले. एक जण काहीच बोलला नाही.

"का रे, तुझं काय?" पंतांनी विचारले.

"माझी गोळी अडाकली, गुर्जी."

यानंतर धक्क्याचा प्रश्न निघाला. खरी बंदूक खांद्याला धक्का देते, हे पंतांनी वाचले होते. तेव्हा फैर झडताच प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या शिपायाच्या खांद्याला धक्का द्यावा, अशी सुधारणा झाली. (रांगेत शेजारी उभे असलेले बरेचसे शेतातही शेजारी होते. बांधाच्या जुन्या भांडणांमुळे धक्के अपेक्षेपेक्षा खरे निघाले, आणि कवायत दोनदा थांबवावी लागली.) धुरासाठी विडी ओढावी असे ठरले. माळकऱ्यांना उदबत्तीची सवलत मिळाली.

एवढ्या तयारीनंतर दलाची चोराशी पहिली गाठ पडली. भर दुपारी एक माणूस ज्वारीची कणसे खुडत होता. कानिफनाथने नेम धरला आणि 'फो' केले. चोराने मागे वळून पाहिले.

"काय झालं तात्या? ठसका लागला काय? पानी देऊ?"

त्याने आपल्या भोपळ्यातले पाणी कानिफनाथला पाजले, पाठीवरून हात फिरवला आणि कणसांचे गाठोडे उचलून तो गेला. पंतांनी अहवालात लिहिले, "चोराने नरमाईचे वर्तन केले." पण मनातून ते हादरले. त्यांनी मच्छिंद्रला बोलावून सांगितले, "मच्छिंद्रा, बंदुकीला वजन पाहिजे आणि आवाज पाहिजे. हातात घेतली की खरी वाटली पाहिजे आणि वाजली की माणूस जागचा हलला पाहिजे. बार झाला पाहिजे, बार!"

आता या शब्दाविषयी थोडे सांगणे भाग आहे. आपल्याकडे बंदुकीचा बार उडतो आणि लग्नाचाही बारच उडतो. आपल्या पूर्वजांनी दोन्ही नीट पाहून मगच एक शब्द पुरेसा आहे असे ठरवले असावे. मच्छिंद्रची थोरली बहीण साळूबाई वर्षभर त्याच्या मागे लागली होती ती या दुसऱ्या बारासाठी. राशीनची लंकाबाई म्हणून एक बाई तिने पाहून ठेवली होती. तिचा नवरा वारला होता, हातापायांनी धड होती, आणि मुख्य म्हणजे साळूबाईला पसंत होती.

"घर बग कसं गप झालंय," साळूबाई म्हणे. "मानूस ऱ्हातंय का हितं, का कोठार हाय? उडवून टाक बार एकदाचा."

"बंदुकीचं काम हाय, आक्का. ते झालं की बगू."

"बंदुका झाल्या न्हवं?"

"आवाज ऱ्हायलाय."

या बोलण्यामुळे त्या आवाजावर फार मोठा भार पडला. आवाज सापडला की मच्छिंद्रला बोहल्यावर चढावे लागणार होते, आणि त्याला चढायचे नव्हते. सुधारणेच्या कामाला असा माणूस मिळणे दुर्मीळ असते. तो कंटाळत नाही, घाई करत नाही आणि यशाला घाबरतो.

वजनाचे काम लौकर उरकले. खरी बंदूक साडेचार शेराची, असे पंतांनी सांगितले होते. दस्त्यात वाळू भरून पाहिली, ती कवायतीत गळे आणि चौदा जणांच्या मागे कोंबड्या लागत. मग नांगराचे मोडके फाळ बसवले. बंदूक साडेचार शेर भरली आणि शिपाई ती खांद्यावर घेताना आपोआप शिव्या देऊ लागले. हे अगदी खऱ्यासारखे आहे, असा शेरा पंतांनी मारला.

आवाजासाठी मात्र मच्छिंद्रने चार महिने घेतले. दोन फळ्या एकमेकींवर आपटून पाहिल्या, त्यांचा आवाज टाळीसारखा आला आणि शिपायांना उगीचच शाबासकी मिळाल्यासारखे वाटले. वाळलेला भोपळा बसवला, तो पहिल्याच बाराला फुटला आणि बिया पंतांच्या पगडीत गेल्या. तेलाच्या डब्याचा पत्रा लावला, तर गावातली झाडून सगळी कुत्री भाकरीच्या आशेने कवायतीला येऊन बसली. बाभूळ, लिंब, आंबा, शिसव, सगळी लाकडे झाली. प्रत्येक वेळी पंत विचारत, "जमला का?" आणि मच्छिंद्र समाधानाने सांगे, "न्हाई जमला."

खरी गोष्ट अशी होती, की आपल्याला कोणता आवाज हवा आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

राहीबाई कमी बोलायची. जे सांगायचे ते ती दाराने सांगे. लग्न झाले त्या साली मच्छिंद्रने घराला जाड सागवानी दार केले होते, आणि राहीबाईने ते सव्वीस वर्षे आपटले. आपटण्याचे तीन प्रकार होते आणि ते साऱ्या आळीला पाठ होते. हलके आपटले तर पाणी आणायला चालले. दोनदा आपटले तर माहेरचा विषय निघाला आहे. आणि एकदाच, पण असे आपटले की वळचणीच्या चिमण्या उडाव्यात, तर त्याचा अर्थ असा: जेवण निवतंय, बाहेर गप्पा छाटत बसलेल्यांनी आपापल्या घरी जावे. या तिसऱ्या आवाजासरशी ओट्यावरची बैठक मोडे. दत्तोपंत छत्री उचलत, कानिफनाथ विडी विझवी आणि मच्छिंद्र "आलो, आलो" म्हणत आत जाई.

दाराला एक रंधा आणि बिजागरीला तेलाचे बोट, एवढ्यावर हा आवाज बंद झाला असता. अर्ध्या तासाचे काम. गावभरची दारे नीट करणाऱ्या मच्छिंद्रला सव्वीस वर्षांत तेवढे जमले नाही. राहीबाईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी साळूबाईने बिजागऱ्यांना तेल घातले, भावाच्या जिवाला शांतता मिळावी म्हणून. ती मिळाली. तेव्हापासून दार असे लागे, की लागले की नाही हे पाहायला उठावे लागे.

चार महिन्यांनी साहेबांची तारीख आली. येत्या शुक्रवारी नगरहून तपासणीचे साहेब येणार, बंदुका पाहणार आणि न वाजल्यास दल मोडणार. दल मोडले तर बंदुकीचे कामही संपणार. म्हणजे आवाज सापडला तरी लग्न, नाही सापडला तरी लग्न. मच्छिंद्रने यावर एक दिवस विचार केला. मग त्याने दाराची खालची एक फळी काढली, एका बंदुकीत तिचे लहानसे दार तयार केले आणि बांबूची ताठ कांब लावून ते आतल्या पोकळीवर आपटेल अशी व्यवस्था केली. लाकूड तेच होते. सव्वीस वर्षांच्या आपटण्याने मुरलेले. बिजागरी त्याने राखेने घासून कोरडी केली. वाजवून मात्र पाहिली नाही. तो पंतांकडे जाऊन एवढेच म्हणाला, "आता वाजंल."

पंतांनी हर्षभराने चिठ्ठी लिहून दवंडीवाल्या गोरक्षकडे दिली: 'शुक्रवारी सकाळी मच्छिंद्र सुतार यांचा बार होईल. सर्वांनी स्वच्छ पोषाखात हजर राहावे.' गोरक्षने हलगी वाजवून गावाला सांगितले, "ऐका हो ऐका! येत्या शुक्करवारी मच्छिंद्र सुताराचा बार उडनार हाय हो! समद्यांनी धुवट कापडं घालून यावं हो!"

साळूबाईने दवंडी ऐकली आणि जागच्या जागी हात जोडले. मग तिने राशीनला माणूस पिटाळला. (अशी दुसऱ्या खेपेची लग्ने खरे तर गुपचूप लागत. पण नवऱ्यानेच दवंडी पिटल्यावर गुपचूप काय उरले?)

शुक्रवारी सकाळी मच्छिंद्रच्या ओट्यासमोर सारे गाव लोटले. दल आले, साहेब सर्व्हिस मोटारीने आले, आणि हळदीकुंकवाची ताटे घेऊन बायकाही आल्या. लंकाबाईची बैलगाडी येऊन वळणावर थांबली. गर्दी पाहून साहेबांनी विचारले, "ही माणसं रोज असतात?" पंत म्हणाले, "शांततेविषयी गावाला फार आस्था आहे, साहेब."

मच्छिंद्रने गाडी पाहिली, नवी साडी नेसलेली साळूबाई पाहिली आणि त्याला सारा उलगडा झाला. पण साहेबांनी बोट वर केले होते. त्याने चाप ओढला.

वळचणीच्या चिमण्या उडाल्या.

पुढचे कोणी ठरवून केले नाही. दत्तोपंतांनी छत्री उचलली आणि ते साहेबांना पाठ करून घरच्या वाटेला लागले. कानिफनाथने विडी विझवली. दलाचे बाकीचे तेराही शिपाई बंदुका काखेत मारून पांगले. बायका ताटांवर पदर टाकून निघाल्या. हलगीवाला गोरक्षसुद्धा "निवलं, निवलं" करत पळाला. ओट्यासमोर तीनशे माणसे होती. तुम्ही तंबाखू मळून तोंडात टाकाल तोवर तिथे कुत्रे उरले नाही.

आणि मच्छिंद्र, बंदूक त्याच्याच हातात असून, घराकडे वळून म्हणाला, "आलो, आलो."

लंकाबाई गाडीत बसून हे पाहत होती. तिने विचारले, "घरात कोन हाय?"

"कोन न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

"मग आलो कुनाला म्हनला?"

लंकाबाईने त्या फळी काढलेल्या दाराकडे पाहिले, मग त्याच्याकडे. तिचेही माणूस जाऊन तीन वर्षे झाली होती.

"साळूबाई, ह्या घरातली बाई अजून घरातच हाय," ती म्हणाली. "मला कशाला मदी बसिवता? फिरव रं गाडी." आणि जाता जाता ती हसली. "आवाज मातर झ्याक हाय, बरं का."

राहीबाई गेल्यापासून मच्छिंद्रही पहिल्यांदाच हसला. चांगला पोट धरून हसला. रिकाम्या ओट्यावर हसणारा सुतार आणि रडणारी बहीण, यांच्याकडे साहेबांचे लक्ष नव्हते. ते वहीत लिहीत होते: 'एका बारात तीनशेचा जमाव पांगला. जखमी शून्य. काडतूस शून्य. पांगताना जमावाने घोषणा दिल्या नाहीत. अत्यंत परिणामकारक.'

लौकरच जिल्ह्याला परिपत्रक निघाले. अशा दोन हजार बंदुका हव्यात. सुताराच्या सांगण्यानुसार त्यासाठी किमान वीस वर्षे आपटलेली दारे लागतील. तरी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपल्या घरी दार आपटले जाते काय, दिवसातून किती वेळा, आणि कोणाकडून, याची माहिती सहीनिशी भरून द्यावी. दोन महिन्यांत सगळे कागद परत आले. झाडून साऱ्या जिल्ह्यात, देवळाली प्रवरेपासून मिरजगावापर्यंत, एकाही घरात दार आपटले जात नाही असे सिद्ध झाले. (हे कागद बहुतेकांनी घराबाहेर बसून भरले होते.) लाकडाअभावी योजना बारगळली. मच्छिंद्रने फळी परत दारात बसवली आणि बिजागऱ्या राखेने घासल्या. आता वारा सुटला की दार आपटते. साळूबाई तेलाची वाटी घेऊन आली की तो म्हणतो, "ऱ्हाऊ दे आक्का, सरकारी काम हाय."

वाचकांच्या घरी दार आपटले जात नाही, याची आम्हांला खात्री आहे. तुम्हीही सहीनिशी लिहून द्याल. मात्र बिजागरीला तेल घालायचे पुष्कळ दिवस मनात असेल, तर आणखी थोडे दिवस मनातच असू द्यावे. आणि आत्ताच आतून काही वाजले असेल, तर हे वाचत काय बसलात? उठा. जेवण निवतंय.