दोनशे चौदा पाकिटं कोण चिकटवणार?

मूळव्याधीच्या त्या दवाखान्यात हेडक्लार्कला सगळे ‘तिजोरी’ म्हणायचे. हे नाव त्याचं त्यानंच पाडून घेतलं होतं, यावरूनच माणूस ओळखावा. “पेशंटचं नाव या तोंडून बाहेर पडणार नाही!” असं तो येईल त्याला ऐकवायचा. गोपनीयतेचे नियम भिंतीवर त्यानंच डकवलेले. ते आजवर कुणी वाचले नव्हते (त्यानंही नाही).

एक गुपित मात्र त्यानं खरोखर दोन वर्षं पोटात ठेवलं होतं. सासऱ्यांचं ऑपरेशन! लेकीला, म्हणजे याच्या बायकोला, “सहलीला चाललोय” असं सांगितलंय म्हणत सासरेबुवा आठवडाभर याच दवाखान्यात पालथे पडून होते. “जावईबापू, पोरीला कळलं तर तुमच्या घराची पायरी चढणार नाही,” असा वर दम.

दवाखान्याला वीस वर्षं झाली म्हणून जुन्या पेशंटांना बोलवायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, “प्रत्येकाला वेगळं पत्र. बंद पाकिटात.”

दोनशे चौदा पाकिटं! आळशाला युक्त्या फार. लेकीच्या वाढदिवसाला बायकोनं एका फुकटच्या ॲपवरून आमंत्रणं पाठवली होती. पठ्ठ्यानं ऑफिसात बसून बायकोच्याच खात्यातून तेच ॲप उघडलं.

कार्यक्रमाचं नाव? ‘मूळव्याधमुक्तांचा स्नेहमेळावा.’ पाहुण्यांची यादी? ऑफिसची फाईल जशीच्या तशी चढवली, ऑपरेशनच्या तारखांसकट. बसण्याची खास सोय? इथे तर त्याला भलताच हुरूप आला. कुणाला साधी उशी, कुणाला मधे भोक असलेली, सगळं नावानिशी भरलं. वर रंगीत फुगे लावले आणि दिलं पाठवून.

यादी प्रत्येकाला दिसते, हे त्या महाभागाला दहा मिनिटांनी कळलं.

“सर, तुम्हीसुद्धा?” एका जुन्या विद्यार्थ्यानं हेडमास्तरांना सगळ्यांसमक्ष लिहिलं.

“अय्या, आमचे हे तर तेव्हा ट्रेनिंगला गेले होते ना?” कुणाची तरी बायको नवऱ्याच्या फोनवरून विचारत होती.

डॉक्टर केबिनमधून तरातरा बाहेर आले. “अहो, हे फुगे कसले? माझ्या पेशंटच्या उशा सगळ्या गावाला दाखवता?”

“सर, ते ॲपनंच...”

“भिंतीवरचे नियम काय ॲपनं डकवले होते? बंद करा आधी ते!”

यानं घाईघाईनं ‘रद्द’ दाबलं. ॲपनं विचारलं, “कारण?” कंपनी चौकशी करतेय, असं समजून या शहाण्यानं जन्मात पहिल्यांदा मनापासून खरं लिहिलं: “यादीत माझे सासरे आहेत. बायकोला कळलं तर माझी धडगत नाही. कृपया गुप्त ठेवावे.”

ते दोनशे चौदा फोनवर गेलं. आणि खातं बायकोचं, म्हणून दोनशे पंधराव्यावरही.

संध्याकाळी तो चोरासारखा घरात शिरला. बायको भाजी चिरत होती. फोन शेजारीच.

“अगं, त्यांनी मला शपथ घातली होती गं!” तो रडकुंडीला आला. “दोन वर्षं बोललो का एक शब्द? आता बाबा आपली पायरी चढायचे नाहीत.”

“चढतील. आत्ताच फोन आला होता, रविवारी येतायत.”

“चिडले नाहीत?”

“चिडले ना. पण गावाला कळलं म्हणून, मला कळलं म्हणून नाही.” तिनं सुरी खाली ठेवली. “मला त्यांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. म्हणाले, तुला ठाऊक आहे हे त्याला कळू देऊ नकोस. सांभाळू दे बिचाऱ्याला एखादं तरी गुपित.”