पाठ नसलेला सूट

सूट फक्त पुढूनच आहे, हे डॅरियस टिलरीच्या लक्षात आलं तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. बस सात पस्तीसला होती.

आधी त्याला वाटलं, आपणच उलटा घातला. म्हणून त्याने तो काढून पाहिला. पण उलटं घालायला आधी सुलटी बाजू लागते. इथे कोट, कोटाच्या आत शिवलेला पांढऱ्या शर्टाचा दर्शनी भाग आणि त्यावर शिवून टाकलेला निळा टाय असं सगळं एकाच तुकड्यात होतं, आणि पाठीच्या जागी दोन नाड्या होत्या. पँटचीही तीच तऱ्हा.

"मॉम," त्याने स्वयंपाकघराच्या दिशेने शांतपणे हाक मारली, "जरा येऊन जा."

मॅव्हिस टिलरी अंडी अर्धवट टाकून आली. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती, त्यामुळे मागून उघडे कपडे तिला नवीन नव्हते. तिने कोटाचा कोपरा चिमटीत धरला, कापड चोळून पाहिलं, आणि म्हणाली, "हा तुझ्या क्लीओफस काकांचा सूट."

"काका तर गेल्या वर्षी वारले."

"म्हणूनच म्हणते. असाच होता. बीचमकडनं घेतलेला. मी विचारलं होतं, अहो, पाठ कुठाय? तर म्हणाले, ताई, आता त्यांना उठायचंय कुठे."

बीचम म्हणजे वस्तीतले अंत्यसंस्कारवाले. टोलीडो शहराच्या त्या भागात कुणाचंही शेवटचं सगळं बीचमच बघत.

"पण हा मला मिस फ्रायर्सननी दिला," डॅरियस म्हणाला.

मिस फ्रायर्सन त्याच्या शाळेत 'पहिली पायरी' नावाचा उपक्रम चालवत. ज्यांच्या घरातलं कुणीच कधी ऑफिसात मुलाखत द्यायला गेलेलं नाही अशा मुलांना त्या निवडत, प्रत्येकाला शहरातला एक मार्गदर्शक जोडून देत, वर्षभर दर शनिवारी सराव घेत आणि मुलाखतीपुरता एक सूट वापरायला देत. गेल्या वर्षी सूट आठवडाभर आधी दिले होते. एक सूट कुणाच्या तरी लग्नात नाचून आला आणि दोन सुटांवर बार्बेक्यूचा रस्सा निघाला. म्हणून यंदा त्यांनी चर्चच्या तळघरातून बंद कव्हरं आदल्या संध्याकाळी वाटली, आणि सकाळपर्यंत कुणीही चेन उघडायची नाही अशी ताकीद दिली. ती सगळ्यांनी पाळली. मुलं मुळात चांगली होती.

डॅरियसने आपल्या मार्गदर्शकाला फोन लावला. गॅरी नोविकी एका टायरच्या दुकानात हिशेबनीस होते. त्यांनी डॅरियसला टायची गाठ शिकवण्यात सलग तीन शनिवार घातले होते.

"मिस्टर नोविकी, सुटाला पाठ नाहीये."

नोविकींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुढची बाजू आहे?"

"आहे."

"मग बरंय. मुलाखत पुढूनच घेतात."

"आणि टाय शिवूनच टाकलाय."

या गोष्टीचं नोविकींना जास्त वाईट वाटलेलं दिसलं. "शिवलेला?" ते म्हणाले. "बरं. असू दे. हे बघ, तू फक्त त्यांच्याकडे तोंड ठेव. दुसरं काही घालून जाऊ नकोस. पोशाखाला दहा गुण आहेत."

चर्चला जायचा शर्ट डॅरियसला दोन वर्षांपूर्वी व्हायचा. म्हणून त्याने चिकनच्या दुकानात कामाला घालायची काळी पँट चढवली, घरात धुतलेला एकच टीशर्ट होता तो आत घातला, वरून पुढचा सूट लावला, आणि मॅव्हिसने मागे नाड्यांची गाठ मारली. तो टीशर्ट टिलरी खानदानाच्या उन्हाळी स्नेहसंमेलनाचा होता. पाठीवर एकवीस नातेवाइकांची नावं छापलेली होती.

"कुणाकडे पाठ करू नकोस," मॅव्हिस म्हणाली.

"मला माहितीये."

"आणि वाकू नकोस. गाठ सुटेल."

बेलामी काच कारखान्यात उन्हाळ्याची एक जागा होती आणि मुलं आठ. ज्याला ती जागा मिळेल त्याच्या पुढच्या दोन वर्षांच्या कॉलेजची फी कारखाना भरणार होता. पण डॅरियसला ती जागा हवी होती याचं कारण वेगळं होतं. सहावीत असताना सगळा वर्ग बेलामीची भट्टी पाहायला गेला होता. डॅरियसच्या परवानगीच्या कागदावर सही राहून गेली, म्हणून तो दिवसभर वाचनालयात बसला. दुसऱ्या दिवशी मुलं सांगत होती की काच तिथे मधासारखी वाहते. त्या दिवसापासून गेली पाच वर्षं तो ती भट्टी पाहायची म्हणून थांबला होता.

दोन्ही बसमध्ये तो खांबाला पाठ लावून उभा राहिला. दुसऱ्या बसमध्ये एका आजीबाईंनी त्याला स्वतःची जागा देऊ केली. "बस रे राजा, कुणाच्या मयताला चाललायस का?" त्याने मान हलवून नाही म्हटलं. आजीबाईंना ते पटलं नाही.

कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत बाकीची सातजणं आधीच आलेली होती. ती चारही भिंतींना चिकटून उभी होती. खोलीच्या मधोमध आठ खुर्च्या रिकाम्या होत्या. डॅरियसने खिडकीशेजारची मोकळी भिंत पकडली. शेजारी त्याच्याच वर्गातला तेव्हॉन होता.

"तुझाही?" डॅरियसने ओठ न हलवता विचारलं.

"गप. माझी तर पँट पण सुटाचीच आहे."

तेवढ्यात कर्मचारी विभागाच्या प्रमुख कॅरल ऑस्ट्रँडर आत आल्या. त्यांच्या मागून भट्टीवरचे मुकादम व्हर्न डिट्रिक आले. ते एकतीस वर्षं त्याच भट्टीवर होते आणि त्यांच्या भुवया कधीच्याच जळून गेलेल्या होत्या.

"बसा ना," ऑस्ट्रँडरबाई म्हणाल्या.

"उभंच बरं वाटतं, मॅडम," आठजण एकदम म्हणाले.

बाईंनी हातातल्या कागदावर काहीतरी चांगलं लिहिलं.

मुलाखतीआधी कारखाना दाखवायचा असं ठरलं होतं, हे मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. आत पिवळ्या पट्ट्यांमधून एकामागे एक चालायचा नियम होता. व्हर्न पुढे, त्यांच्या मागे मुलं, शेवटी ऑस्ट्रँडरबाई. तसं पाहिलं तर ही चांगली सोय होती. प्रत्येकाच्या मागे ज्याला आधीच माहीत आहे असाच माणूस होता, आणि तोही सभ्यपणे छताकडे पाहत होता. अडचण फक्त शेवटच्याची होती. शेवटचा डॅरियस होता.

तो वळला आणि उलटा चालू लागला.

"हे काय?" ऑस्ट्रँडरबाईंनी विचारलं.

"तुम्ही बोलत असताना पाठ कशी करायची, मॅडम?"

बाई बोलत नव्हत्या. पण हे ऐकल्यावर बोलू लागल्या. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं बोलणं ऐकायला कुणी उलटं चाललेलं नव्हतं. त्यांनी कारखान्याचा इतिहास सांगितला, मग स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा, मग बहिणीने आईचं कपाट परस्पर कसं विकलं ते सांगितलं. वळण आलं की त्या त्याच्या कोपराला धरून त्याला वळवत. डॅरियस "हो मॅडम" आणि "बहिणीने असं करायला नको होतं" असं आलटून पालटून म्हणत होता.

मध्येच पाठीला ऊब लागली. मग ऊब वाढली. टीशर्ट गरम झाला, नाड्या गरम झाल्या. पुढून व्हर्नचा आवाज आला, "ही आपली भट्टी." पुढची सातही मुलं एकसुरात "वा" म्हणाली. डॅरियसच्या डोळ्यांसमोर ऑस्ट्रँडरबाई होत्या, त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत नारिंगी रंगाचं काहीतरी हलत होतं, आणि त्या विचारत होत्या, "आता तूच सांग, कपाट तिचं एकटीचं होतं का?"

"नव्हतं, मॅडम," डॅरियस म्हणाला. भट्टी त्याच्या पाठीमागून निघून गेली.

मुलाखती सुरू झाल्या. एकेक मुलगा आत गेला, बोलला, आणि आभार मानत मानत उलट्या पावली बाहेर आला. ऑस्ट्रँडरबाईंनी सात फॉर्मांवर 'अतिशय नम्र' असं लिहिलं. तेव्हॉनने दाराची मूठ पाठीमागे हाताने चाचपून शोधली, तेव्हा तर बाईंना भरून आलं. "मुलांना कुणीतरी काहीतरी शिकवलंय, व्हर्न," त्या म्हणाल्या.

शेवटी, दहा चाळीसला, डॅरियसला बोलावलं. त्याने प्रश्नांची उत्तरं चांगली दिली. वाळू, सोडा आणि चुना किती अंशांवर एकजीव होतात ते सांगितलं. काच हळूहळू थंड का करावी लागते ते सांगितलं. व्हर्न खुर्चीत पुढे सरकले. हे सगळं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सहावीतल्या त्या दिवशी वाचनालयात दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"शेवटचा प्रश्न," व्हर्न म्हणाले. "तुला भट्टी कशी वाटली?"

बाकीच्या सातांनी याला 'प्रेरणादायी' असं उत्तर दिलं होतं. तो शब्द उपक्रमात सगळ्यांना पाठ करून घेतलेला होता. डॅरियसच्याही जिभेवर तो आला. पण पाच वर्षं थांबलेल्या माणसाला तेवढंच एक खोटं बोलवेना.

"मी नाही पाहिली, सर."

"अरे, समोरूनच तर गेलास."

"पाठमोरा गेलो."

"का?"

डॅरियस उठला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच सरळ वळून त्याने त्यांच्याकडे पाठ केली.

मग व्हर्न टीशर्टवरची नावं वाचू लागले. "अर्नेस्टीन. रूफस. क्लीओफस. या तिघांच्या नावांवर हे गोल कसले?"

"ते वारलेत, सर."

"आणि हा सूट?"

"तो पण त्यांच्यासाठीच असतो, सर."

ऑस्ट्रँडरबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाहेरच्यांचे पण असेच आहेत?"

"मी माझ्या पाठीपुरतंच सांगू शकतो, मॅडम."

बाई दार उघडून बाहेर गेल्या. भिंतींना लागलेल्या सात मुलांना त्यांनी वळायला सांगितलं. मुलं वळली. तेव्हॉन सगळ्यात शेवटी वळला. बाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता.

"म्हणजे ही थट्टा होती. आठ पोरं प्रेताचे कपडे घालून माझ्या कारखान्यात फिरली. आणि मी तुला माझ्या आईच्या कपाटाबद्दल सांगितलं."

"कपाटाच्या बाबतीत मी मनापासून बोललो, मॅडम."

त्याचा उपयोग झाला नाही. मिस फ्रायर्सनना फोन गेला. त्या म्हणाल्या, अशक्य आहे, सूट मी स्वतः दांडीवर अडकवले, एकेकाची इस्त्री तपासली. त्यामुळे थट्टा मुलांनीच केली हे आणखी पक्कं झालं. यंदा कुणालाच घ्यायचं नाही, असं बाईंनी जाहीर केलं. डॅरियस घरी आला. मॅव्हिसने गाठ सोडली.

शनिवारी क्लाइड मेब्री यांचा अंत्यविधी होता. क्लाइड चाळीस वर्षं बेलामीच्या भट्टीवर होते, व्हर्नना काम त्यांनीच शिकवलं होतं. अख्खा कारखाना चर्चमध्ये लोटला. क्लाइडनी आयुष्यात कधी सूट घातला नव्हता, आणि आता ते इतके व्यवस्थित दिसत होते की जणू नोकरी मागायला निघालेत. म्हातारपणी माणूस आटत जातो. क्लाइड सतरा वर्षांच्या मुलाच्या मापावर आलेले होते.

व्हर्न निरोप घ्यायला वाकले, तेव्हा क्लाइडच्या कोटाच्या वरच्या खिशातून एका कार्डाचं टोक बाहेर आलेलं त्यांना दिसलं.

सोमवारी सकाळी त्यांनी ते कार्ड ऑस्ट्रँडरबाईंच्या टेबलावर ठेवलं. बायकी, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'डॅरियस टिलरी. बेलामी, १०:४०. ताठ बस. नजर वर ठेव. घाबरू नकोस, तुझी तयारी झालेली आहे.'

"हे कुठे मिळालं तुला?"

"क्लाइडच्या खिशात."

बाईंनी आधी बीचमना फोन लावला, मग मिस फ्रायर्सनना. बीचमच्या कोठाराचं छप्पर गळत होतं. म्हणून त्यांनी पंधरा दिवसांपुरता आपला माल चर्चच्या तळघरात, त्याच दांडीवर अडकवला होता. कव्हरं तशीच, राखाडी. बीचमच्या माणसाने बुधवारी एक ओळ उचलली, मिस फ्रायर्सननी दुसरी. पाठ असलेले सूट पाहून त्या माणसाला काही वाटलं कसं नाही, असं बाईंनी विचारलं.

"लोक घरचेच सूट आणून देतात, मॅडम," बीचम म्हणाले. "त्याला सवय आहे. पाठ दिसली की तो कात्री लावतो."

"बाकीचे सात सूट?"

"तीन लागून गेले. चार आहेत. पाठवू का?"

ऑस्ट्रँडरबाईंनी फोन ठेवला, आठ फॉर्म पुन्हा काढले आणि व्हर्नबरोबर ते पहिल्यापासून वाचले. 'नम्र' हे सगळीकडून खोडलं. 'प्रेरणादायी' सात ठिकाणी होतं. आठव्या फॉर्मवर पोशाखाच्या रकान्यात शून्य होतं. तिथे त्यांनी दहा केलं आणि शेरा लिहिला: 'सूट योग्य होता व शनिवारी समक्ष पाहिला. त्या वेळी उमेदवार त्यात नव्हता.'

पत्र गुरुवारी आलं. मॅव्हिसने ते दोनदा वाचलं, डॅरियसला वाचायला दिलं, परत घेतलं आणि पत्रावरच्या नंबरला फोन केला.

"मी डॅरियस टिलरीची आई. इथे लिहिलंय, कामाचे कपडे कारखाना देईल."

"हो, देतो की," ऑस्ट्रँडरबाई म्हणाल्या.

"ते पाठीसकट असतात ना?"

पलीकडे बाईंनी फोनवर हात ठेवून कुणाला तरी काहीतरी विचारलं. एक पुरुषी आवाज बराच वेळ काहीतरी समजावत होता.

"भट्टीजवळचा जो जाड कोट असतो ना," बाई जपून म्हणाल्या, "तो फक्त पुढून असतो. उष्णता पुढूनच येते. मागे नाड्या असतात."

मॅव्हिसने मुलाकडे पाहिलं. तो टेबलाशी बसून पत्रातला पत्ता वाचत होता, ओळखीचा चेहरा पुन्हा नीट बघावा तसा.

"म्हणजे त्याला भट्टीकडे तोंड करूनच उभं राहावं लागणार?"

"आठ तास," बाई म्हणाल्या. "आमचा नियमच आहे तसा."

"मग चालेल," मॅव्हिस म्हणाली.