वेंडेलची बढती

"यंदा मोठ्या लीगमध्ये नाही गेलो तर नाव बदलेन!" वेंडेल क्राउस दर एप्रिलमध्ये ठणकावून सांगायचा. छोट्या लीगमध्ये बेसबॉल खेळत अकरा वर्षं घासली बिचाऱ्यानं, नाव आहे तेच राहिलं. विस्कॉन्सिनात त्याचा म्हातारा बाप गाई राखून होता. "तुझे तिथले सामने बघायला गाई सोडून कोण येतंय? वर गेलास की कळव," एवढंच म्हणायचा. वेंडेलला तेच सलायचं.

त्या शनिवारी पाचव्या डावात प्रशिक्षक पिनेडांनी त्याला हात करून बाहेर बोलावलं. ते तोंड उघडणार एवढ्यात पंचाशी त्यांचं वाजलं, आणि पंचानं त्यांनाच मैदानाबाहेर हाकललं! इकडे बाकावरच्या रोमेरोनं वेंडेलला कडकडून मिठी मारली.

"अरे, चालू सामन्यातून काढलं म्हणजे वरून बोलावणं! दुसरं काय असणार?"

मग काय! मिठ्यांची रांगच लागली. कुणी डोळे पुसले, कुणी त्याचे जुने बूट मागून घेतले. वेंडेलनं आत धावत जाऊन बापाला फोन ठोकला.

"बाबा, वर चाललो! उद्या दुपारी मोठ्या संघाचा सामना!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "माझा चांगला कोट कुठंय बघतो," म्हणत म्हाताऱ्यानं फोन ठेवला.

सामना संपल्यावर पिनेडा भेटले.

"वर? कसलं वर? गाढवा, तुझी पॅन्ट मागून उसवली होती! समोर चर्चच्या बायका बसलेल्या!"

मिठ्या सगळ्यांनी पुढून मारल्या होत्या. मागे बघायला सवड कुणाला!

वेंडेलनं घाईघाईनं घरी फोन लावला. शेजारीणबाईंनी उचलला. "ते कधीच निघाले की! गाई माझ्या गळ्यात घालून गेले!"

म्हातारा खिशात फोन बाळगणाऱ्यांतला नव्हता. वेंडेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाप जन्मात पहिल्यांदा त्याचा खेळ बघायला निघाला, आणि तिथं तोच नसणार!

रविवारी संध्याकाळी बापाचा फोन आला, कुठल्याशा पेट्रोलपंपावरून.

"बघितलं रे तुला! लांबून चेहरा दिसेना, माईकवरचं काही ऐकू येईना. पण डाव्या अंगाला उभा होतास ना? ढब अगदी तुझ्या आजोबांची!"

खरं ते वेंडेलच्या ओठांवर आलं होतं. पण बापाला इतकं खुशीत त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

"हो बाबा. मीच तो."

"मग तो झेल कसा सोडलास? आपली आंधळी गायसुद्धा धरेल तो! लोक शिव्या घालत होते तुला. दोघांशी भांडलो मी!"

"चुकलं, बाबा."

"असा खेळलास तर परत खाली पाठवतील हो!"

"पाठवलंच, बाबा."