धोंडिबा तात्यांच्या खाचरातली डॉक्टरकी

धोंडिबा तात्यांच्या अंगणात पाऊल टाकलं की माणूस तिथल्या तिथं डॉक्टर व्हायचा. इंटर सायन्स पास व्हायच्या आधी, मेडिकलचा अर्ज भरायच्याही आधी. "या डॉक्टर, बसा. आदी तेवढी घागर भरून आना," असं तात्या म्हणायचे आणि उद्याचा डॉक्टर निमूटपणे विहिरीकडे निघायचा.

तात्या स्वतः चौथी नापास. पण पुण्याच्या एका कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, त्यांनी तीस वर्षं हमाली केली. बेडूक धरून आणायचे, मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून द्यायचे, आणि मुलं निघून गेली की त्यांनी फाडलेले बेडूक निरखत बसायचे. कोणी कुठं घाण केली, हे बघायला! असं बघून बघून त्यांना बेडूक तोंडपाठ झाला. स्टेशनला जन्मभर 'ठेसन' म्हणणारा हा माणूस 'ग्लॉसोफॅरिंजियल' हे बेडकाच्या नर्व्हचं नाव मात्र असं खणखणीत म्हणायचा की आमच्या प्रोफेसरांनी तोंडात बोट घालावं. नोकरी संपवून ते आमच्या भरे गावी परत आले, तर मेडिकलला जाऊ बघणारी पुण्याची मुलंसुद्धा त्यांच्या मागोमाग सुट्टीत शिकायला येऊ लागली.

मी गावच्या शाळामास्तरांची, अण्णांची, मुलगी. बाकी विषयांत माझे मार्क चांगले होते, पण प्रॅक्टिकलच्या दिवशी हात असे लटलट कापले की बेडकाची नर्व्ह कचकन तुटली आणि त्याबरोबर माझी मेडिकलची सीटही गेली. अण्णांनी सरळ सांगून टाकलं, "आणखी एक वर्ष बस. नाही जमलं तर कोळवणचं स्थळ पक्कं करतो." स्थळ वाईट नव्हतं हो. पण मला डॉक्टर व्हायचं होतं, त्याला मी काय करू?

मी चिमटे-सुऱ्यांची पेटी घेऊन तात्यांकडे गेले. त्यांनी पेटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझे हात तेवढे उलटसुलट करून बघितले.

"बेडूक न्हाई मिळायचा. खाचरात उतर."

आवणीचे, भात लावायचे दिवस होते. तात्यांनी मला भाताच्या रोपांत उभं केलं. एकेक रोप उपटायचं, पण मूळ तुटता कामा नये. ते बांधावर बसून माझं प्रत्येक रोप डोळ्यांजवळ धरून तपासायचे आणि "सीट गेली!" म्हणून मागे फेकायचे. पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत माझ्या दोनशे सीटा गेल्या.

गावातले लोक बांधावरून जाताना दात काढायचे. "तात्या लई बेरकी हाय! डॉक्टरांकडनं फुकटात आवणी करून घेतोय." खरं सांगते, मलाही तेच वाटायचं. पाठीचा पार काटा ढिला झाला, तेव्हा मी चिडून म्हटलंच, "तात्या, मला भात लावायचा नाही, डॉक्टर व्हायचंय."

"मंग आदी पाय रुतव की बाई! तुमी शिकल्याली मानसं चपलांवर तरंगताया. पाय घट्ट असला की हात हालत न्हाई. आन् श्वास सोडताना उपट."

मी पाय चिखलात रोवले. श्वास सोडला. रोप मुळासकट अलगद हातात आलं. तात्यांनी ते कितीतरी वेळ बघितलं आणि मागे न फेकता बाजूला ठेवलं. एवढं कौतुक मला आयुष्यात कोणी केलं नव्हतं.

आवणी संपल्यावर त्यांनी मला बेडूक दिला.

मार्चमध्ये पुन्हा प्रॅक्टिकल आलं. मी टेबलापाशी उभी राहिले, चपला काढून बाजूला सारल्या आणि सवयीनं साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचून घेतली. बाहेरून आलेले परीक्षक थबकले. "हे काय चालवलंय?"

माझं सगळं ध्यान त्या नर्व्हकडे. तोंडातून निघून गेलं, "चिखल लागतो, सर."

सगळी प्रयोगशाळा खो खो हसली. पण नर्व्ह अखंड होती, पांढरीशुभ्र! परीक्षक चष्मा सावरून वाकले आणि बघतच राहिले.

कोळवणचं स्थळ दुसरीकडे जमलं आणि मी मेडिकलला लागले. पेढे घेऊन तात्यांकडे गेले, तर म्हणाले, "पेढं ऱ्हाऊ दे. मला एक डाव ते डॉक्टरचं कालिज दाव. इतकी वर्सं पोरं धाडली तितं, पर आत काय चालतं ते कुनी दावलं न्हाई."

मला सगळ्यांच्या वतीनं लाज वाटली.

एका शनिवारी तात्या धुवट फेटा बांधून आले. मी त्यांना प्रेतं ठेवलेल्या हॉलमध्ये नेलं. त्यांनी दारातच वहाणा काढल्या आणि पहिल्या टेबलावरच्या माणसाला हात जोडले.

"ह्यो कोन?"

"बेवारशी आहे, तात्या. ज्यांचं कोणी नसतं त्यांना इथं आणतात."

तात्यांनी जोडलेले हात खाली घेतले. मग मला म्हणाले, "हापिस कुटं हाय?" आणि तिथं जाऊन कारकुनापुढं ठाकले. "मला बी लिवून घ्या, सायेब. बायको गेली, पोरबाळ झालं न्हाई. जाळून तरी काय करायचं? पर एक अट हाय. कापऱ्या हाताचं पोरगं माज्यापाशी उभं करायचं न्हाई. नर्व्ह तोडली तर उठून बसंन!"

कारकून हसला. मग तात्यांचा चेहरा बघून त्यानं गुपचूप देहदानाचा फॉर्म काढला. तात्यांची सही घेतली आणि म्हणाला, "जवळच्या नातेवाईकाचीही सही लागेल. वेळ आली की आम्हाला कळवायला कोणीतरी हवं."

तात्यांचा चेहरा एकदम उतरला. "म्हंजी हितं बी मानूस लागतं व्हय?"

त्यांच्या अंगणातून किती डॉक्टर गेले असतील! मी कारकुनाच्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली.

"नातं काय लिहू?" पेन परत घेत कारकुनानं विचारलं.

"मुलगी," मी म्हटलं.

तात्या माझ्याकडे बघेनात. एस्टीत बसेपर्यंत फेट्याच्या शेवानं नाक पुसत होते. कंडक्टर आला तेव्हा मात्र घसा खाकरून, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"दोन भरे. एक माजं, आन् एक माज्या लेकीचं."